दगुअक्कांचा खिसा

जामनेरच्या शाळेतून संध्याकाळी एसटीने घरी यावं आणि दगुअक्का आमच्या पायरीवर बसलेल्या दिसाव्यात, हे ठरलेलंच होतं. अक्का पायरीवर आहेत, म्हणजे त्यांचे यजमान नाना जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी मित्रांबरोबर गप्पा मारत बसलेत आणि घराची किल्ली त्यांच्या खिशात आहे, एवढं सगळं मला लांबूनच कळायचं. तरी मी विचारायचीच, "काय अक्का, आज बाहेर?"

"किल्ली नानापाशी, नाना तलावपाशी, आनि मी तुनापाशी," अक्का म्हणायच्या आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन माझ्याआधी माझ्याच घरात शिरायच्या. चहा त्याच टाकायच्या. साखर त्यांच्या अंदाजाने पडायची, आणि त्यांचा अंदाज बासुंदीचा होता.

दगुअक्का आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, कपाळावर चांगलं मोठं कुंकू, आणि चाल अशी की पुढच्या चौकात कोणीतरी त्यांच्यासाठी खोळंबलंय. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यातलं. लग्न होऊन जळगावला आल्या त्याला उभं आयुष्य झालं, पण बोली गावाहून आणली ती जशीच्या तशी ठेवली. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला दुरुस्तीची खोड. एकदा म्हटलं, "अक्का, 'शे' नाही, 'आहे' म्हणायचं." त्यावर अक्कांनी थोडा विचार केला. "आहे म्हनाले दोन डाव तोंड उघडनं पडस. शे म्हनं का काम व्हयनं." मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

आता किल्लीचं. नाना डाळ मिलमधून निवृत्त झालेले, अगदी शांत माणूस, पण एका बाबतीत हट्टी. त्यांच्या वडिलांनी घराला लावलेलं पितळी कुलूप ते बदलू देत नसत. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक नानांच्या खिशात, दुसरी अक्कांच्या कमरेच्या छल्ल्यात. एका श्रावणात कानबाई देवीचं विसर्जन होतं. अक्का कानबाई डोक्यावर घेऊन तलावापर्यंत नाचत गेल्या, पाण्यात उतरल्या, वर येऊन ओल्या लुगड्यानिशी फुगड्या घातल्या, आणि घरी येऊन कमरेला हात लावला तर छल्ला नाही. "कानबाई गई, आनि किल्लीबी लई गई," असं सांगून अक्कांनी विषय संपवायचा प्रयत्न केला. पण किल्लीवाल्याने कुलूप उलटसुलट पाहून मान हलवली. असल्या कुलपाची दुसरी किल्ली आता होत नाही म्हणे. उरलेली एकुलती एक किल्ली नानांच्या खिशात होती, ती तिथेच राहिली.

तेव्हापासून गल्लीत एक वाक्य रूढ झालं, 'अक्कांजवळ किल्ली टिकत नाही.' कोणी दुष्टपणाने म्हणत नसे. पण अक्कांना तेच वाक्य लागायचं. जाड म्हटलेलं चालायचं, मोठ्या आवाजाची म्हटलेलंही चालायचं. स्वतःच्या घरात शिरायला नवऱ्याची वाट बघत बसावं लागतं, आणि वर दोष आपलाच, हे त्यांना सहन होत नव्हतं. पदराच्या गाठीत सुटी नाणी बांधून पाहावीत, तर गाठ सुटायची. मी माझी जुनी पर्स दिली. ती आज रेशन दुकानात राहिली, उद्या भाजीवाल्याकडे. अक्कांनी ती मला परत केली. "पर्स म्हंजे पाहुणी. जठे बठनी, तठेच ऱ्हाई गई."

मग त्यांचं लक्ष नानांच्या कपड्यांकडे गेलं. दोरीवर वाळत घातलेला एकेक कपडा त्या मला दाखवू लागल्या. "देख. सदराले खिसा, पायजामाले खिसा, बंडीलेबी खिसा. आनि मना पोलकाले काय? नुसता हुक!"

त्याच आठवड्यात आम्ही चौकातल्या टेलरकडे गेलो. सोबत अक्कांची धुळ्याची भावजय होती. ती मुलाचं लग्न ठरल्याचं सांगायला आली होती. टेलर मास्तर स्वभावाने चांगले, पण ब्लाउजला बाहेरून खिसा म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. "अक्का, लोक काय म्हणतील? हवा तर आतून चोरकप्पा लावून देतो."

"चोरकप्पा?" अक्का टेबलावरची कात्री उचलतात की काय, असं मला वाटलं. "मी काय चोर शे का? मना घरनी किल्ली मी लपाडू कसाले?"

भावजयही हसली. ती हसायला नको होती. अक्का तिच्याकडे वळल्या आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "तुना पोऱ्याना लगनले मी खिसानं पोलकं घालीसनच येसू. मना हातनं शिवेल. नही तं येनारच नही."

भावजयीचं हसू मावळलं, कारण अक्का नवरदेवाची एकुलती एक आत्या. आत्याशिवाय त्या घरात हळदही भिजली नसती. घरी आल्यावर नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेही हसले. "ज्या दिन तुना खिसा व्हई, त्या दिन किल्ली तुनी," ते म्हणाले. नानांना वाटलं, आपण गंमत केली. अक्कांनी मला साक्षीदार ठेवलं.

आता अडचण एवढीच होती की अक्कांनी आयुष्यात सुई धरली होती ती गोधडीपुरती. शिवणयंत्राला त्यांनी कधी हातही लावला नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला नसीमआपा राहतात. उंच, बारीक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. पुढच्या खोलीत मुलींना शिवण शिकवतात. अक्का आणि आपा समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मला हे जमेल असं वाटलं नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी जमलं नाहीच. मी नुकती शाळेतून येत होते, तर अक्का ताडताड चालत आल्या आणि पायरीवर बसल्या. डोळ्यांत पाणी.

"माले सांगस, शिवू नका! या उमरमा! मी काय कोपरामा बठेल शे का?"

झालं होतं ते असं. अक्का वर्गात गेल्या, समोरच्या मशीनवर हात ठेवला, तेवढ्यात आपांनी आतल्या खोलीतून आवाज दिला, "अक्का, आत्ताच शिवू नका हं!" आपांना म्हणायचं होतं, लगेच शिवायला घेऊ नका, आधी पायडल मारायला शिका. अक्कांनी ऐकलं, हात लावू नका. अक्का तशाच उठून निघून आल्या.

मला हसू येत होतं, पण अक्कांचा चेहरा पाहून ते गिळलं. मग त्या हळूहळू बोलल्या. माहेरी आणि सासरी, महिन्याच्या चार दिवसांत, लोणच्याच्या बरणीपासून पाण्याच्या माठापर्यंत सगळीकडे त्यांनी हेच ऐकलं होतं, शिवू नको. ते दिवस कधीच सरले. आता कोणी आपल्याला हे म्हणणार नाही, याचं त्यांना किती सुख होतं ते मला त्या दिवशी कळलं. आणि आता एका परक्या घरात, मुलींसमोर, पुन्हा तेच.

मी आपांना बोलावून आणलं. आपांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह! अक्का, मैंने तो सिलाई का बोला!" त्या खाली पायरीवर अक्कांच्या शेजारी बसल्या. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. अर्थ डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला, मग अक्कांचं पोट हलायला लागलं. अशा हसल्या, अशा हसल्या की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. आपांनी त्यांचा हात धरला, ओढत वर्गात नेलं आणि मशीनच्या काळ्या अंगावर तळहात टेकवला. "ये शिवा," त्या म्हणाल्या. मग पायडलकडे बोट दाखवलं. "फिर शिवा."

तिथून पुढे हे अक्कांचं वाक्य झालं, "पहिले शिव, मंग शिव." भाजी घेताना, साडी घेताना, नात्यातल्या स्थळाबद्दल मत देतानासुद्धा अक्का हेच म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याला काही समजलं नाही तरी त्यांना फरक पडत नसे.

आपांनी सांगितलं, वर्गातलं मशीन सगळ्यांचं, घरी रोज बसायला स्वतःचं हवं. मग मशीन बघणं सुरू झालं. हे 'बघणं' अक्कांनी मुलगी बघण्यासारखंच घेतलं. ठेवणीतलं लुगडं, आपा आणि मी सोबत, नाना मागे पिशवी घेऊन, आणि समोरच्याने चहा दिल्याशिवाय मूळ विषयाला हात नाही.

पहिलं स्थळ जळगावच्या दुकानातलं. पांढरंशुभ्र, विजेवर चालणारं. दुकानदाराने एक बटण दाबलं आणि मशीनने कापडावर आपणहून फुलं काढून दाखवली. अक्का कौतुकाने बघत होत्या, पण उठताना म्हणाल्या, "हाई बठ्ठं काम करी, तं मी काय करू?" दुसरं धुळ्याला, भावजयीच्याच घरी. ते लग्नात मिळालेलं होतं आणि तेव्हापासून त्याच्यावर टीव्ही होता. टीव्ही उतरवून चाक फिरवलं, तर ते असं किंचाळलं की घरातलं मांजर पळालं. भावजय म्हणाली, तेल घातलं की चालेल. अक्कांनी नकार देताना भावजयीला तेवढंच ऐकवलं, की हाई बठी बठी आळशी व्हई गई.

तिसरं पाचोऱ्याला. तिथल्या एक काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. डोळ्यांचा त्रास सुरू झाल्याने मशीन देऊन टाकणार होत्या. आम्ही रेल्वेने गेलो. काळं, जुन्या घडणीचं मशीन, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून पुसट झालेली. काकूंनी पोहे केले होते. पोहे झाल्यावर अक्कांनी सरळ विचारलं, "हिनी खोड काय शे?"

काकू चमकल्या, मग खरं ते बोलल्या. "बॉबिन भरताना जरा हट्ट करते. आणि घाई केली की दोरा तोडते. गोडीने घेतलं तर कुठे अडणार नाही."

अक्कांनी आपांकडे पाहिलं. आपांनी चष्मा काढला, डोळे मिटले, एक हात मशीनच्या अंगावर ठेवला आणि पायडल मारलं. मग उठून अक्कांना बसवलं. अक्कांनीही डोळे मिटले. तळहात टेकवून त्यांनी पायडल मारून पाहिलं. "गुणानी शे," शेवटी म्हणाल्या. "आवाज कमी, काम बराबर."

मशीन टेम्पोत चढवायच्या आधी काकू आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि चक्क ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि डाळिंबी रंगाचा खण. काकू रडल्या. अक्काही रडल्या. "सुखमा ठेवसू," अक्का म्हणाल्या. नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मना लगनमा बी इतलं रडणं नही व्हयनं."

घरी आल्यावर अक्कांना उंबऱ्यात तांदळाचं माप ठेवायचं होतं, ते त्यांनी आमच्याकडून आणलं, कारण त्यांच्या घराला कुलूप. दारात टेम्पो, टेम्पोत नवी सून, भोवती गल्ली जमलेली, आणि नाना किल्ली शोधतायत. सदऱ्याचा वरचा खिसा, खालचा खिसा, पायजम्याचा, बंडीचा. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "इतला खिसा, तरीबी!" त्या म्हणाल्या, आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. किल्ली शेवटी पोह्यांबरोबर बांधून दिलेल्या लाडवांच्या पिशवीत सापडली. मग मशीन उचललं, त्याच्या लोखंडी पायाने माप ओलांडलं, तांदूळ घरभर झाले आणि सूनबाई आत आल्या. नाव सूनबाईच पडलं.

सूनबाईंचं आणि सासूचं पहिले काही दिवस जमत नव्हतं. चाक पुढे फिरायला हवं तिथे मागे फिरायचं आणि दोरा तटकन तुटायचा. आपांनी सुरुवातीला दोऱ्याशिवाय, नुसत्या वर्तमानपत्रावर सुई चालवायला लावली. अक्कांच्या घरातलं एकही वर्तमानपत्र धड राहिलं नाही. नाना पेपर उजेडाकडे धरायचे आणि भोकांतून मला बघून हात करायचे. अक्का मशीनशी मोठमोठ्याने बोलायच्या. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. आधी रागावणं, मग समजूत काढणं, मग थोडा अबोला, मग कानबाईचं गाणं. गाणं सुरू झालं की टीप सरळ पडायची. गाणं थांबलं की टीप वाकडी. आपांनी त्यावर उपाय शोधायचा प्रयत्न केला नाही, उलट गाणं लांबवायला सांगितलं.

पुढे हातरुमाल झाले, उशीचे अभ्रे झाले. कापड मुडपून चारी बाजूंनी टीप कशी मारायची ते अक्कांच्या अंगात इतकं भिनलं की दिसेल त्या चिंधीला त्या टीप मारायच्या. आमच्याकडे पोळ्यांच्या डब्यातलं फडकंसुद्धा त्यांच्या टिपेचं झालं. लग्न जवळ आलं तेव्हा आपांनी पाचोऱ्याच्या ओटीतला डाळिंबी खण बेतून दिला आणि अक्का ब्लाउजला बसल्या. बाह्या लागल्या, हुक लागले. शेवटी उरल्या कापडातून खिसा बेतला आणि डाव्या बाजूला बाहेरून लावला. लावून झाल्यावर अक्कांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. आपाही आल्या. नाना किल्ली हातात घेऊन तयार उभे होते, गडी शब्दाचा पक्का.

खिसा सुंदर बसला होता. कोपरे काटकोनात, टीप दाण्यासारखी. अक्कांनी अभिमानाने किल्ली घेतली, खिशात घालायला गेल्या, आणि किल्ली आत जाईना. त्यांनी या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. खिशाला तोंडच नव्हतं. सवयीने चारी बाजूंना टीप पडली होती.

"मी तं बठ्ठंच शिवी टाकं!"

आपा हसून हसून खाली बसल्या. "अक्का, ये खिसा नहीं हुआ, ये तो थिगळ हुआ!"

अक्काही हसल्या, पण थोड्याच. परवा धुळ्याला निघायचं होतं. त्या उसवायला बसल्या. टीप इतकी बारीक आणि घट्ट होती की ती काढता काढता खणाच्या कडेचे धागेच निघाले आणि खिशाचा तुकडा हातात विरला. खणातलं कापड संपलं होतं. अक्का मांडीवर ब्लाउज घेऊन निघालेले धागे वेचत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

नाना आत गेले. बाहेर आले ते त्यांचा पांढरा सदरा घेऊन. चांगला, लग्नात घालण्यासाठी धुऊन इस्त्री केलेला. त्यांनी तो अक्कांपुढे धरला आणि छातीवरच्या खिशाकडे बोट दाखवलं. "हाऊ काढी ले. तयारच शे."

अक्कांनी सदरा हातात घेतला, खिशावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता त्या घेतात. पण त्यांनी मान हलवली. "खिसा नको. कापड द्या. खिसा मी करसू."

आणि त्यांनी सदऱ्याच्या मागच्या घेरातून, जिथे जास्तीचं कापड होतं तिथून, एक तुकडा कापून घेतला. नानांनी डोळे मिटून घेतले, पण हूं की चूं केलं नाही. अक्कांनी तीन बाजूंना टीप मारली. चौथ्या बाजूला आल्यावर आपा, नाना आणि मी, तिघेही एकदम ओरडलो. "माले समजस," अक्का म्हणाल्या, आणि वरची कड वेगळी दुमडून, काज करून बटण लावलं. वाकलं तरी किल्ली पडायला नको.

धुळ्याच्या लग्नात डाळिंबी ब्लाउजवर पांढरा खिसा मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होता. अक्कांनी पदर मुद्दाम पलीकडून घेतला होता. भावजयीने आधी खिसा पाहिला, मग अक्कांना पाहिलं, आणि पाया पडायला वाकली. हळदीच्या आधी नानांनी सगळ्या पाहुण्यांसमोर किल्ली काढली. अक्कांनी दोन बोटांनी खिसा उघडून धरला. नानांनी किल्ली आत सोडली, अक्कांनी बटण लावलं आणि वरून एकदा थोपटलं. नाना जेवताना सारखे आपल्या छातीवर हात ठेवून चाचपत होते, आणि दरवेळी त्यांना आठवत होतं. सदरा मागून तोकडा झाल्यामुळे पाहुण्यांना पाठ दाखवायचं मात्र त्यांनी दिवसभर टाळलं.

त्यानंतर एकदा शाळेतून परत आले तर आमच्या पायरीवर नाना. मी विचारलं, "काय नाना, आज बाहेर?"

"किल्ली अक्कापाशी, अक्का आपापाशी, आनि मी तुनापाशी," नाना गंभीर चेहऱ्याने म्हणाले. मी चहा केला. इतक्यात गल्लीच्या टोकाला अक्का दिसल्या. कायम धावत सुटणारी ती बाई त्या संध्याकाळी सावकाश, प्रत्येक दाराशी थांबत, चौकशी करत, रमतगमत येत होती. एक हात खिशावर. मी आणि नाना दोघेही बघत राहिलो. आनंदाने इतकं हळू चालणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग गल्लीतल्या बायकांना खिसे हवेसे झाले. अक्का कोणाला शिवून देत नसत. शिकायला आपांकडे पाठवायच्या आणि मशीन बघायला मात्र स्वतः जायच्या. दुकानदार हल्ली त्यांना पाहिल्याबरोबर चहा सांगतात, असं ऐकलं. माझ्या मागेही त्या लागल्या होत्या. मी शिकवण्या, पेपर तपासणं, असली कारणं सांगायची. "शिकवनारीले शिकाले टाइम नही," त्या म्हणायच्या आणि सोडून द्यायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला, सुरतला, मुलगी झाली. सून नोकरी करणारी. नात सांभाळायला दोघांनी तिकडेच यावं असं ठरलं. घर विकायचं नाही, दर श्रावणात कानबाईला यायचंच, असं अक्कांनी बजावून सांगितलं. निघायच्या सकाळी मुलाने टेम्पो पाठवला. गाद्या, भांडी, डबे चढले, सगळ्यात शेवटी गोधडीत गुंडाळलेल्या सूनबाई. आपा डबा घेऊन आल्या होत्या. नाना ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलेसुद्धा. अक्कांनी दार ओढलं, पितळी कुलूप लावलं आणि माझ्याकडे आल्या.

"तुळसले पानी घालजो," त्या म्हणाल्या, आणि खिशाचं बटण काढून किल्ली माझ्यापुढे धरली.

ती एकुलती एक किल्ली. मी हात पुढे केला. अक्कांनी ती दिली नाही. माझ्या कुर्त्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खिसा कोठे शे तुना?"

"अक्का, पर्समध्ये ठेवते ना."

"पर्स पाहुणी शे." त्या टेम्पोकडे वळल्या. "वं भाऊ, मशीन उतार!"

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. नाना म्हणाले, ऊन व्हई, धुळ्याच्या पुढे घाट शे. अक्कांनी ऐकलं नाही. सूनबाई रस्त्याच्या कडेला उतरल्या, गोधडी सुटली. मला घरात पाठवून कुर्ता बदलून आणायला लावलं. पिशवीच्या तळातून अक्कांनी कापड काढलं, नानांच्या त्याच सदऱ्यातलं उरलेलं, जपून ठेवलेलं. मी तिथे उभीच होते तर त्यांनी माझा हात धरला आणि मशीनवर टेकवला. लोखंड सकाळचं गार होतं, आणि अक्कांनी पायडल मारल्यावर आतून बारीकशी थरथर तळहातात आली.

"पहिले शिव," अक्का म्हणाल्या.

भर गल्लीत, लोकांच्या गराड्यात, टेम्पोचा हॉर्न वाजत असताना त्या गाणं म्हणत शिवत होत्या, आणि टीप सरळ पडत होती. चौथ्या बाजूला आल्यावर त्यांनी वर पाहून डोळे मिचकावले आणि थांबल्या. मी तिथेच ओढणीआड तो कुर्ता अंगावर चढवला. अक्कांनी स्वतःच्या हाताने किल्ली आत सोडली, बटण लावलं, वरून थोपटलं. मग पदराने डोळे पुसले, आपांच्या गळ्यात पडल्या, आणि सूनबाईंच्या शेजारीच बसते म्हणून टेम्पोच्या मागच्या बाजूला चढल्या. गल्लीच्या वळणापर्यंत मला त्या दिसत होत्या. गाद्यांच्या ढिगावर, एका हाताने मशीन धरून, दुसरा हात सवयीने रिकाम्या खिशावर.

आता मी आपांकडे शिवण शिकायला जाते आणि माझ्या बहुतेक कुर्त्यांना खिसे आहेत. चारमधला एखादा आपांना उसवून द्यावा लागतो, कारण मलाही टीप मारताना थांबायचं सुचत नाही. अक्कांचा फोन रविवारी येतो. नातीचं सांगून होतं, सुरतच्या उकाड्याचं होतं, नाना तिथे तापीकाठी मित्र जमवून बसतात त्याचं होतं. फोन ठेवायच्या आधी त्या एकच गोष्ट विचारतात.

"शे ना?"

मी खिशावर हात ठेवते. मराठीची शिक्षिका असूनही 'आहे' म्हणत नाही.

"शे."